शेवटची गाठ

गुरुवारी आम्ही विणायला बसतो.
क्लाक्सविकमध्ये फेब्रुवारीत दुसरं करायचं काय असतं?
मी, बिला, राग्नहिल्ड आणि मार्युन.
बत्तीस वर्षं त्याच चार खुर्च्या,
रुबार्बचा आंबट केक,
आणि नवऱ्यांनी साडेदहापर्यंत घरी फिरकायचं नाही.

एकमेकींशिवाय आमचं पान हलत नाही.
बिलाचं गर्भाशय काढलं तेव्हा तिघींच्याही पोटात दुखलं.
राग्नहिल्डचा घटस्फोट आम्ही सगळ्यांनी मिळून घेतला,
एकमतानं. नवरा थोडा कुरकुरला.

तर ऑगस्टमध्ये मार्युन म्हणाली,
मी कोपनहेगनला चाललेय. कायमची.
कुणी एक हेन्निंग, घर गरम करायचे पंप विकतो.
तिकडे म्हणे झाडं आहेत.

आम्ही आकांडतांडव करणाऱ्या बायका नाही.
बिलानं केकचा आणखी एक तुकडा वाढला, जरा जोरात.
आणि आम्ही तिला स्वेटर विणला,
आमच्याच मेंढ्यांची लोकर, तपकिरी, पाठीवर बारीक नक्षी.
शेवटची गाठ तेवढी मारली नाही.

बोट सुटली. धागा धक्क्यावरून निघाला तो समुद्रभर.
एक सीगल त्याच्यावर बसून गेला, फुकट्या.
आमच्या टोकाचा गुंडा हिवाळाभर माझ्या फडताळात,
ती दुसऱ्या कुणाबरोबर हसली की थरथरायचा.
आम्ही वहीत लिहायचो. तारीख, वेळ, किती मिनिटं.
नोव्हेंबरात सतरा वेळा. सतरा!
मग नाताळचं कार्ड आलं:
इथे एक इंगेर भेटली आहे,
अगदी जिवाभावाची.

जिवाभावाची.

राग्नहिल्डनं चष्मा पुसला.
मग आम्ही ओढलं.

आधी स्वेटर आला, मुकाट्यानं, कंबर, पाठ, बाह्या.
गळ्याशी अडलं. बिलानं भिंतीला पाय लावला.
नंतरचा धागा मऊ होता, गुलाबीसर, कोमट.
आम्ही एकमेकींकडे पाहिलं.
"दर्जा चांगला आहे," राग्नहिल्ड म्हणाली
आणि गुंडाळत राहिली.
मध्येच एक दाढ आली, कुसळासारखी अडकून.
चांदी भरलेली. मी लगेच ओळखली,
डेंटिस्टकडे मीच नेलं होतं तिला.
पहाटे चारला केस आले. डोळे तिकडेच राहिले.
हेन्निंगनं पोलिसांना सांगितलं
की ती सोफ्यावर टीव्ही बघता बघता
संपली.
त्यांनी त्याला डॉक्टरकडे पाठवलं.

पुन्हा विणायला सहा गुरुवार लागले.
सगळं आठवणीवरून. नाकावरून वाद झाला.
बिलाचा हात सैल, म्हणून डावा गुडघा ओघळतो.
हसण्याची नक्षी कुणालाच नीट आठवेना,
तिथे साधी सुलट वीण घातली.
डोळ्यांना बिलाच्या जुन्या कोटाची बटणं.

आता बसते ना ती, तिच्याच खुर्चीत.
केक देत नाही, डाग पडतात.
धुवायची थंड पाण्यात, पिळायची नाही.
सगळ्याला हो म्हणते. पूर्वीही तशीच...
नाही. पूर्वी नाही म्हणायची.

गेल्या गुरुवारी तिनं आपणहून सुया उचलल्या.
काय विणतेयस गं, विचारलं,
तर बटणं माझ्याकडे वळवली नुसती.
आणि आज मला मानेशी गार लागतंय.
हात लावून पाहिला. कॉलर नाही.
कॉलरच्या खालचंही थोडं नाही.
एक धागा टेबलाखालून, केकच्या ताटल्यांना वळसा घालून
तिच्या टोपलीत चाललाय.
बिलाला दिसतोय. राग्नहिल्डलाही.
दोघी मान खाली घालून टाके मोजतायत.

ओरडायला हवं, कळतंय मला.
पण मार्चमध्ये बहिणीकडे जायचं तिकीट काढलंय मी,
दहाच दिवसांचं,
कुणाजवळ बोलले नव्हते.

हिला कसं बरोबर कळलं, बघा.